ओल्या खुंट्या

२ मार्च

ही डायरी खरं तर पेशंटांच्या वेळा लिहायला आणली होती. प्रत्येक पानावर सकाळ-संध्याकाळचे रकाने आखलेले आहेत आणि भरायला एकही दाढ शिल्लक नाही. दवाखान्याची जागा मालकाने विकली, नवी शोधायचा मला कंटाळा आला, आणि आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर मी एकदाची घरी बसले. नवरा म्हणतो, आता तरी स्वस्थ बस. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे एकदा सांगितलं की समोरच्याला कळतं असा त्याचा समज आहे.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर घरामागे नदीकाठी एक मुलगी टेप घेऊन उभी आणि तिच्या हाताखालचा माणूस दगडांवर लाल फुल्या मारतोय. चहा तसाच टाकून खाली गेले. ती नगरपालिकेची इंजिनिअर निघाली. म्हणाली, हा सगळा काठ काँक्रीटने बांधून काढायचाय. का, असं विचारल्यावर तिने नुसतं समोर बोट दाखवलं.

समोर होती बेशरम. नाव अगदी बरोबर ठेवलंय लोकांनी. कुठल्या तरी दूरच्या खंडातून आलेलं झुडूप, फिकी जांभळी फुलं दिसायला गोड, पण बकरीसुद्धा तोंड लावत नाही. सगळा काठ व्यापून ती आता पात्रात उतरली आहे. त्याने नदी अरुंद झाली, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या गल्लीत शिरतं.

मी म्हटलं, मग बेशरम काढा ना, भिंत कशाला? तर म्हणे काढायला पैसे नाहीत. भिंतीला आहेत, पण ते दुसऱ्या खात्यातून येतात आणि भिंतीवरच खर्च करावे लागतात. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं मी पेशंटांना ऐकवायचे. आज त्याचं सरकारी रूप पाहिलं.

आणि आम्हीच काढली तर? हे तोंडातून निघून गेलं. मुलगी शहाणी आहे, हसली नाही. म्हणाली, "धरणाचं पाणी येऊन ओसरलं की मी परत मोजायला येईन. तेव्हा काठ मोकळा असेल आणि जागेवरही असेल, तर मी भिंत सुचवणार नाही. पण ढासळला असेल तर माझा नाइलाज आहे."

मोकळा आणि जागेवर, दोन्ही हवं. या काठाच्या मातीत खंड्या बिळं करतो. रोज सकाळी एक निळा ठिपका खिडकीसमोरून सुळकन जातो आणि मातीत नाहीसा होतो. भिंत झाली तर तो कुठे जाईल, हा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.


६ मार्च

फौज जमली. मी धरून तीन माणसं.

एक शेजारचे ड्रायव्हरभाऊ. बस चालवून निवृत्त झालेत, अजूनही कोपऱ्यावर वळताना डावीकडे-उजवीकडे बघून घेतात. दुसऱ्या बेकरीवाल्या वहिनी. त्यांची बेकरी खालच्या गल्लीत आहे, दरवर्षी पाण्यात पिठाची पोती भिजतात, म्हणजे त्यांना या कामात खरा रस. अट एकच ठरली, पदरचं काही घालायचं नाही. कुदळ, विळा, हात आणि वहिनींकडे ढिगाने येणारी पुठ्ठ्याची खोकी. जे झुडूप खणून काढू, त्या जागेवर पुठ्ठे अंथरायचे. ऊन नाही तर कोंब नाही.

रात्री जेवताना घरात जाहीर केलं. घरात म्हणजे नवरा आणि बाबा, माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून बाबा मागच्या ओट्यावर नदीकडे तोंड करून बसतात आणि फारसे बोलत नाहीत. त्यातून मी स्वतः करून दिलेली कवळी तोंडात न घालता पेल्यात ठेवतात, त्यामुळे जे बोलतात तेही निम्मं कळत नाही. मला वाटतं, वयामुळे थोडं विसरायलाही लागलेत.

मी म्हटलं, "बाबा, मागची बेशरम काढतोय बरं का. कुणा अडाण्याने आणून लावली असेल देव जाणे. आता नदी दिसली की तुम्हाला बरं वाटेल ना? वाटेलच."

ते म्हणाले, "अगं, पण तो काठ..." तेवढ्यात वहिनींचा फोन आला, पुठ्ठे किती आणू म्हणून. परत आले तर बाबा पानावरून उठले होते. हल्ली त्यांचं जेवण कमी झालंय. कवळी घातली तर चावता येईल, पण सांगून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.


१५ मार्च

सुरुवात सगळ्यात दाट जागेपासून केली. ड्रायव्हरभाऊ म्हणाले की आधी घाट चढून घ्यावा, मग उतार. पटलं.

काय चिवट वनस्पती आहे! कापली की पांढरा चीक गळतो. वरून कापून भागत नाही, जमिनीखाली मूठभर गड्डा असतो आणि तो सगळा यावा लागतो. हे मला नव्याने सांगायला नको. मी जमिनीवर बसून बोटांनी चाचपत, हलवत, एका बाजूने सैल करत गड्डा काढते. ड्रायव्हरभाऊ नुसतेच ओढतात आणि अर्धा मोडून आत ठेवतात. त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्याकडे शिकायला असता तर पहिल्या वर्षी नापास. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही प्रश्नही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. नापास व्हायला तरी तोंड उघडायला मिळायला हवं."

खरं आहे. समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबून मी इतकी वर्षं विचारत आले, दुखतंय का, मुलं काय करतात, नाही ना दुखत? सवय झाली.

माझ्या सगळ्या ब्लाउजच्या बाह्यांवर चिकाचे काळपट डाग पडलेत. सोड्याने जात नाहीत, लिंबाने जात नाहीत.


२१ मार्च

एक प्रयोग मांडलाय. ओट्यावरच्या फळीवर तीन पेले ठेवलेत. एकात बेशरमची काडी सरळ, एकात उलटी, एकात नुसती कोरडी. शेजारी बाबांच्या कवळीचा पेला. चारही पेले रांगेत बघून नवरा म्हणाला, यातलं कोंब कशाला फुटणार ते आधी सांग.


२५ मार्च

सरळ काडीला गाठीपाशी पांढरे ठिपके आलेत, मुळंच असणार. चार दिवसांत! उलट्या काडीचं काय होतं ते कळलं नाही, कारण कुणीतरी ती सरळ करून ठेवली. नवरा म्हणतो मी नाही. बाबांना विचारलं, "तुम्ही तर नाही ना केली? नाही, तुम्ही कशाला कराल." मांजर असेल.


४ एप्रिल

पुठ्ठे वाऱ्याने उडतात. वहिनींनी दगड सुचवले, पण दगड वाहायला माणसं हवीत. लोखंडी खुंट्या विकत आणणं म्हणजे अट मोडणं. तोडलेल्या काड्यांचा ढीग समोरच पडला होता. मी विळ्याने त्यांना टोकं काढली आणि पुठ्ठ्यांच्या कडेने ठोकून दिल्या. फुकटात खुंट्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझं घर त्याच्यावरच चाललंय, त्यामुळे काटकसरीची मला लाज नाही.

मोकळा झालेला काठ आता खिडकीतून दिसतो. इतकी वर्षं या घरात राहून मला माहीतच नव्हतं की नदी इथे एक छोटं वळण घेते.


२७ एप्रिल

आज एक गंमत केली. उघड्या पडलेल्या काठात खंड्याचं एक जुनं, सोडून दिलेलं बीळ दिसलं. घरी जाऊन माझा तोंडात घालायचा आरसा आणि टॉर्च आणला आणि आडवी होऊन आत पाहिलं. बीळ वर चढत जातं आणि शेवटी वाटीएवढी खोली. तळाला माशांच्या बारीक हाडांचा थर, आणि वास असा की मी मागे सरकताना डोकं आपटलं. पण वर चढतं का? पाणी आत शिरू नये म्हणून असेल. इवल्याशा चोचीने हे खणताना त्याला कसं कळतं की चढ धरायचाय?

दुसरी गंमत, पुठ्ठे पुरले नाहीत त्या तुकड्यात आपोआप माका उगवलाय, आणि पाण्याशी लव्हाळ्याची पाती. कुणी लावलं नाही. बी इतकी वर्षं बेशरमच्या सावलीत वाट बघत होतं, की नदीने आत्ता आणून टाकलं? ड्रायव्हरभाऊ म्हणाले, जागा रिकामी झाली की लोक चढतातच.


१२ मे

अक्कल गहाण टाकली होती मी. खुंट्यांना पानं फुटली!

नुसती फुटली नाहीत, पुठ्ठ्यांच्या कडेने हिरवं कुंपण उभं राहिलंय. बेशरम मारायला बेशरमच पेरणारी बाई या जगात मी एकटीच असेन. फळीवरच्या पेल्यात मुळं बघून मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याच काड्या जमिनीत ठोकल्या होत्या. वहिनी पोट धरून हसल्या. मी हसले नाही. दिवसभर खुंट्या उपटत बसलो. आता तोडलेली प्रत्येक काडी वहिनींच्या पत्र्यावर वाळत टाकायची, मोडल्यावर कडकडली तरच खाली आणायची.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. "पण मुळात ज्याने ही इथे लावली ना, त्या महामूर्खाला एकदा भेटायला हवं." बाबा भाताशी खेळत बसले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मला तहान नव्हती.


२३ मे

खुंट्या सगळ्या काढल्या होत्या, मी स्वतः पाहिलं होतं. तरी आज काठाच्या अगदी वरच्या कडेला, आमच्या ओट्यासमोर, नव्या काड्या उभ्या दिसल्या. माझ्या खुंट्या वेड्यावाकड्या होत्या. या एका ओळीत आहेत, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, नीट वीतभर अंतराने.

ड्रायव्हरभाऊंना विचारलं. ते चिडले. म्हणाले, माझ्या गुडघ्यांची अवस्था बघा आणि मग आरोप करा. बोलाचाली वाढली. मी म्हटलं अर्धे गड्डे तुम्हीच आत ठेवता, ते म्हणाले मग या रांगेत पण गड्डेच उभे राहिले का? उद्यापासून येणार नाहीत.


२६ मे

ड्रायव्हरभाऊ आले. त्यांच्याशिवाय करमत नाही असं मी म्हटलं नाही, पण पाण्याची बाटली पुढे केली. रांग उपटून टाकली.


९ जून

नको ते झालं. काल रात्री पावसाची एक जोरदार सर आली, आणि आम्ही सगळ्यात आधी, सगळ्यात दाट जागी साफ केलेला काठ सकाळी खचलेला दिसला. खोलीभर लांबीची माती पाण्यात बसली होती. धरणाचं पाणी यायचंच आहे अजून, ही तर नुसती एक सर.

बेशरम वाईट, पण तिची मुळं माती धरून होती हे आम्ही लक्षातच घेतलं नाही. मी आता वाचत बसलेय, म्हणजे आधी करायचं ते नंतर. ज्यांनी हे काम केलंय ते सांगतात, दाट जागेपासून सुरुवात करूच नका. जिथे मूळची झाडं अजून तग धरून आहेत तिथून सुरू करा, थोडं थोडं काढा, ती पसरतील तितकंच पुढे सरका. पैसा लागत नाही, धीर लागतो. म्हणजे माझ्याजवळ नाही नेमकं तेच.

बाकीची खोदाई थांबवली. भीती वाटतेय. भिंत टाळायला निघाले आणि भिंतीचं कारण मीच तयार करून ठेवलं.

दाढ दुखतेय दोन दिवस. डावीकडची, शेवटची. लवंग धरलीय.


२१ जून

रांग परत आली. या वेळी खचलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना. कुणाचं काम आहे कळत नाही. वहिनींना वाटतं भिंतीच्या कंत्राटदाराचा माणूस असेल. मी पाळत ठेवायचं ठरवलंय.

घरातली बारकी वाकडी सुरी सापडत नाही. आणि बाबांच्या सदऱ्यावर काळपट डाग पडलेत, बाहीवर आणि खिशापाशी, काही केल्या जात नाहीत. त्यांना म्हटलं, केळी खाताना पुढे रुमाल धरत जा. त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळचं फिरणंही हल्ली लांबतंय त्यांचं. चांगलं आहे, भूक लागेल.

नवरा म्हणाला, "काठाचं बाबांना विचार की एकदा." मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांना उगीच घोर.


२ जुलै

आजचं नीट लिहायला हवं.

दाढ सहन होईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तशी गत; आमच्याच क्षेत्रातल्या एका मुलीकडे गेले आणि तिने बघताक्षणी काढावी लागेल म्हणून सांगितलं. काढली. वर कापसाचा बोळा दिला आणि माझंच वाक्य मला ऐकवलं, तासभर घट्ट चावून ठेवा, बोलायचं नाही.

उन्हं कलताना घरी येत होते. नदीकडून आले, पाळत म्हणून. ओट्यासमोरच्या काठावर कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं. जवळ गेले. बाबा होते. एका हातात वाकडी सुरी, बाजूला बेशरमच्या काड्यांची जुडी. एक काडी घेत होते, गाठीखाली तिरका काप देत होते, बोटाने भोक करून खोचत होते आणि अंगठ्याने माती दाबत होते.

माझ्या मनात काय काय आलं! कान धरून उठवावं असंही आलं, खोटं का लिहू. पण तोंडात कापूस. नुसती "अं" एवढाच आवाज निघाला. बाबा दचकले, मग माझा सुजलेला गाल बघितला आणि समजले. बाजूची जागा हाताने साफ करून म्हणाले, "बस." मी बसले. दुसरं काय करणार.

त्यांनी हातातली काडी खोचून माती दाबली. मग म्हणाले, "हा काठ मी लावलाय. मी आणि तुझ्या सासूने."



"त्या वर्षी पाणी ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. ओसरलं तेव्हा मागची सगळी जमीन गेलेली. घर पुढच्या पावसात जाणार असं जो तो सांगून जायचा. कुणीतरी म्हणालं ही लावा, कुठेही जगते. ती लांबून काड्या आणायची, मी खोचायचो. तुझा नवरा तिच्या कडेवर. एवढासा होता, काडी चघळायला मागायचा. घर राहिलं. तेव्हा कुणाला माहीत होतं, ही पुढे नदीलाच गिळेल म्हणून?" मग पुढची काडी उचलून म्हणाले, "तू काढतेस ते बरोबरच आहे. मला दिसतं ना इथून. पण काठ उघडा केलास, सूनबाई. पाणी येईल तेव्हा माती कोण धरणार?"

मी रोज जेवताना त्यांच्यासमोर बसून म्हणत होते, कुणा अडाण्याने लावली, कुणा महामूर्खाने लावली. आणि ते पानावरून उठून जात होते. मला वाटायचं कवळी.

मला रडू आलं. कापसामुळे तेही धड येईना. बाबांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "दुखत असेल. दाढेचं दुखणं वाईट."


३ जुलै

बोळा काढून दिवस उलटला, तरी मी त्यांना काही बोलले नाही. काय बोलायचं ते सुचत नाही, हे माझ्या बाबतीत नवीनच आहे.

पण विचार केला. बाबांची भीती खरी आहे. त्यांची काडी चुकीची आहे. मग काडी बदलली तर? नदीच्या वरच्या अंगाला, जिथे बेशरम पोचलेली नाही, तिथे वाळुंजाची झाडं आहेत. इथलीच, पुरात पाय रोवून उभी राहणारी, आणि वाचलं त्यावरून तीही काडीने लागतात. सुरी आणि हात बाबांचेच. ड्रायव्हरभाऊंना घेऊन सकाळी जाऊन काड्या आणल्या, मूळ झाड उघडं न पाडता, प्रत्येकाच्या थोड्या थोड्या.

पानं ओरबाडून टाकली. काडी ती काडी, या वयात त्यांना फरक कळणार नाही, असा हिशोब केला. सांगून सासूबाईंच्या आठवणीला कशाला धक्का लावा? जुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "बाबा, किती अंतरावर लावायच्या?"

आणि जीभ दातांखाली धरून बसले. दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात अजून दुखत होतं, त्याची मदत झाली. बाबांनी एक काडी उचलली, वरखाली फिरवली, साल नखाने खरवडून बघितली. माझ्या घशाशी चार वेळा उत्तर आलं, वीतभर ना, कालसारखंच ना. गिळलं. 

शेवटी म्हणाले, "हाताच्या अंतरावर. आणि प्रवाहाच्या उलट कललेल्या नकोत, प्रवाहाबरोबर कललेल्या. दोन रांगा. जुनी रांग आत्ता उपटू नकोस. या धरल्या की मग एकेक काढ."

आम्ही संध्याकाळपर्यंत लावत होतो. वहिनींनी पाणी घातलं. बाबा उलट्या लावलेल्या काड्या लांबूनच ओळखत होते आणि न बोलता सरळ करत होते. तेव्हा मला फळीवरचा पेला आठवला. मांजर म्हणे.


१९ जुलै

वाळुंजाला कोंब. लव्हाळ्याचे गड्डे वरून आणून पाण्याच्या रेषेशी लावले. जुन्या रांगेतल्या काही बेशरम काढल्या, जिथे शेजारची काडी घट्ट झालीय तिथल्याच. ओढून बघायचं, हलली तर थांबायचं.

बाबांना विचारलं, कवळी नेमकी कुठे टोचते? हा प्रश्न मी याआधी विचारला होता का? आठवत नाही. विचारला असेल तर उत्तराआधी पुढचा विचारला असेल. त्यांनी हिरडीवर बोट ठेवून दाखवलं. डावीकडे एक कड जरा उंच राहिली होती. घासायला पाच मिनिटं लागली नाहीत. इतकी वर्षं ती पेल्यात होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला बिचारे.


३० ऑगस्ट

धरणाचे दरवाजे उघडले. नदी तपकिरी झालीय आणि वळण नाहीसं झालंय. वाळुंजाची वरची रांग तेवढी पाण्याबाहेर दिसते, खालची आत आहे. बाबा ओट्यावरून हलत नाहीत. मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकलीय. ते बोलत नाहीत, मीही नाही. नवरा येऊन आम्हा दोघांना बघून गेला, बरं आहे ना म्हणून विचारायला परत आला.


४ सप्टेंबर

पाणी अजून चढलेलंच. खालच्या गल्लीत घोट्याएवढं आलं, पण वहिनींच्या उंबऱ्यावर चढलं नाही. पोती कोरडी आहेत. वहिनींनी आख्ख्या गल्लीला फुकट पाव वाटले.


१३ सप्टेंबर

ओसरतंय. काठाला जाऊन बघायचं धाडस नाही.


७ ऑक्टोबर

इंजिनिअर आली. आम्ही सगळेच गेलो. बाबा काठी घेऊन, कवळी घालून, धुतलेला सदरा घालून. डाग आहेतच.

आम्ही जोशात सुरुवात केली होती ती जागा आणखी खचलीय. तिथे मुलगी बराच वेळ मोजत होती. मग ती पुढे सरकली. दोन रांगांच्या मागचा काठ जसाच्या तसा होता. वाळुंज आडवं झोपून परत उठलं होतं, काड्यांच्या मध्ये गाळ अडकून उलट थोडी माती वाढली होती, आणि त्या मातीत माका. वरच्या अंगाला एक ताजं बीळ दिसलं. मी आरसा आणला नव्हता, आणि आत कुणी राहत असेल तर डोकावू नये एवढी रीत मला आता कळते.

ती म्हणाली, "खचलेल्या तुकड्यापुरते दगड रचावे लागतील, ते टळणार नाही. बाकी काठाला मी भिंत सुचवत नाही. पण पुढच्या वर्षी परत बघायला येणार." खांद्यावरून डोंगर उतरला. बेशरम अजून पन्नास जागी डोकं वर काढतेय, दोन-चार वर्षं उपटत राहावं लागेल, पण लाल फुल्या पुसायला तिने माणसाला लगेच सांगितलं.

निघताना तिने त्या रांगांकडे बोट करून विचारलं, हे काय लावलंय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाबा आधी बोलले. शब्द न् शब्द स्पष्ट.

"वाळुंज. पूर्वी इथे सगळीकडे तेच होतं."

 ती गेल्यावर विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या काडीपासून. बेशरमला साल अशी निघते का? आणि चीक कुठे होता?"

"मग लावल्या कशा? मला वाटलं तुमची ती..." इथे मी थांबले. पुढचं वाक्य तयार होतं, पण थांबले.

बाबा काठीवर हात ठेवून नदीकडे बघत होते. "लावायच्याच होत्या. तुझ्या सासूलाही पटलं असतं. आणि तू विचारलंस, किती अंतरावर. विचारून गप्प बसलीस." मग हसले, नव्याने बसलेल्या कवळीतून. "मी बघत होतो, कापूस आहे का अजून तोंडात. नव्हता."

नवरा पुढे निघून गेला होता. त्याच्या मानेवरून मला कळलं की तो हसतोय.

आज एवढंच लिहिते. सासूबाई काड्या आणायला नेमक्या कुठे जायच्या आणि वाटेत काय बोलायच्या, ते मला कुणीच कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. बाबा ओट्यावर बसलेत. मी खुर्ची घेऊन चाललेय.